मंद उजेडातले पक्षी

४ सप्टेंबर

ताईंना नमस्कार.

तुमची लेक इथे आली आहे. सुखरूप आहे, आनंदात आहे. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव टांगणीला लागायला नको.

तिला कुठल्याशा संग्रहालयात शिकाऊ म्हणून घेतलंय असं तुम्ही मागच्या पत्रात लिहिलं होतंत. शहर माझंच आहे म्हणून घाबरलाही होतात. मी उलट तुम्हालाच समजावलं, एवढ्या मोठ्या शहरात कोण कुणाला भेटतंय. मी जुने कागद दुरुस्त करते एवढंच तुम्हाला माहीत होतं. कुठे करते ते तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मी कधी सांगितलं नाही. ताई, ते कुठलंसं संग्रहालय म्हणजे माझंच. निवड आमचे प्रमुख करतात. जुन्या पक्षिचित्रांचं मोठं प्रदर्शन भरवायचंय, तुमच्या हाताखाली एक मुलगी देतो, इतकंच ते मला म्हणाले होते. यात माझा हात नाही. तुम्ही विश्वास ठेवाल ना?

सोमवारी सकाळी मी कागद चिकटवायची खळ गाळत बसले होते. दारात कुणीतरी शिंकलं. मग परत शिंकलं, मग थांबायचं नावच घेईना. मी मान वर न करता म्हटलं, "रुमाल धर आधी तोंडावर, कागदावर उडेल." शहाण्या माणसासारखं मी तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मग तिने नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली.

चार वर्षं तुम्ही तिचे फोटो पाठवताय. ते सगळे मला पाठ आहेत. तरी मी तिला ओळखलं नाही. फोटोत ती नेहमी हसत असते. दारात नाक लाल झालेली, डोळ्यांतून पाणी येणारी एक उंच मुलगी उभी होती. मी ओळखलं नाही, या विचाराने मला दिवसभर काही सुचेना.

घाबरू नका, काय ठरलंय ते मी विसरलेले नाही. ती जन्मली आणि मी आजारी पडले, डोक्याने. मला रुग्णालयात ठेवलं. माणसांत आले तोवर ती तुमच्या कडेवर बसून तुम्हाला आई म्हणत होती. फाटकात तुमचे यजमान उभे होते (माझे म्हणायचा हक्क तेव्हा उरला नव्हता) आणि म्हणाले, "आता तिला गोंधळात टाकू नकोस." मी टाकलं नाही. ते होते तोवर तिची काही खबर मिळाली नाही. ते गेल्यावर तुम्ही आपण होऊन लिहिलंत, कुणी सांगितलं नव्हतं. तुमची अट एकच होती, तिला तुम्हीच जन्म दिलाय असं ती समजते आणि तसंच राहावं. मी ती तेव्हा मान्य केली. आजही मान्य आहे.

फोन नको, पत्रच बरं, ती माझा फोन चाळते, असं तुम्ही म्हणाला होतात. तेच चालू ठेवू. पत्र नेहमीसारखं घरच्या पत्त्यावर पाठवा.

तुमची

ता. क. तुम्ही माझ्याहून लहान, तरी मी ताई म्हणते. आपल्या नात्याला भाषेत एकच शब्द आहे आणि तो लोक शिवीसारखा वापरतात. त्यापेक्षा ताई बरं.

२१ सप्टेंबर

ताई,

तुमचं एका ओळीचं पत्र मिळालं: तिला काही कळलं का? नाही. कळणार नाही. तिची बदली दुसऱ्या विभागात करून घेता येईल का, असंही तुम्ही कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय. मी प्रमुखांकडे गेले होते. दारापर्यंत गेले. मग आत जाऊन भलतंच काहीतरी विचारून परत आले.

त्याऐवजी तिचं इथलं कसं चाललंय ते सांगते. ती आमच्या मागच्या खोलीत बसते, उत्तरेच्या खिडकीजवळ. तिथे दिवसभर सारखा उजेड असतो. खोलीत लांब टेबलं, वजनाला ठेवायचे लोखंडी ठोकळे, टीपकागदांच्या चळती आणि वास. जुन्या कागदाला वास असतो, त्यानेच ती शिंकते. आमच्याकडे चौकटी करणारे एक काका आहेत, ते तिला शिंकराबाई म्हणतात. आता सगळं संग्रहालय म्हणतं. ती रागवत नाही, उलट फोन उचलून "शिंकराबाई बोलतेय" म्हणते.

प्रदर्शनात दोन प्रकारची चित्रं आहेत. एक, कागदावर रंगवलेली. दीडदोनशे वर्षांपूर्वी पक्षी समोर ठेवून काढलेली, पिसान् पीस. पक्षी बहुतेक मारून आणलेले असायचे, चित्रकार त्यांना जिवंत असल्यासारखे फांदीवर बसवायचे. दुसरी, त्याच चित्रांवरून दूर कुठेतरी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली आणि नंतर हाताने रंगवलेली. कोरणाऱ्यांनी ते पक्षी जन्मात पाहिलेले नसायचे. एका धनेशाच्या पायाला त्यांनी भलतीकडेच बोटं दिलीत. तुमच्या लेकीने ते पहिल्या दिवशी पकडलं आणि इतकी हसली की काका करवत खाली ठेवून बघायला आले.

मी तिच्यात मला शोधते. हे तुम्हाला आवडणार नाही, पण खोटं कशाला लिहू. सापडत नाही. ती विचार करताना पेन्सिल कानामागे खोचते. ते तुमचं असणार. काही सांडलं, फाटलं, बिघडलं की "असू दे, असू दे" म्हणते, दोनदा. तुमच्या पत्रांत हे दोनदा म्हणणं मी कितीदा वाचलंय. रुमालाची घडी करते तीसुद्धा माझ्यासारखी नाही. तुमच्याकडे रुमालाच्या चार घड्या करतात का हो?

२ ऑक्टोबर

ताई,

घाईत लिहिते. सगळं ठीक. ती कामात आहे म्हणून तिने फोन केला नसेल. काळजी नको.

१३ ऑक्टोबर

ताई,

मागचं पत्र खरं नव्हतं. तिला ताप होता. "घरी फोन करू नका, आई लगेच गाडी पकडून येईल," असं तिने मला बजावलं होतं. आता पूर्ण बरी आहे, म्हणून सांगते.

ती राहते त्या वसतिगृहात आजारी माणसाकडे बघायला कुणी नाही. कामावर आली तेव्हा अंगाला हात लावला तर चटका बसत होता. मी तिला माझ्या खोलीवर नेलं. दुसरं काय करणार होते? डॉक्टर येऊन गेले, साधाच ताप, घसा सुजला होता. माझी खोली एवढीशी आहे, पलंग एक. तिला पलंगावर झोपवलं, मी खुर्चीत बसले. मऊ भात करून भरवला. तिने दोन घास खाल्ले आणि "मॅडम, मीठ विसरलात," म्हणाली. विसरले होते. कुणासाठी रांधायची सवय नाही राहिली.

दुपारी ताप चढला तेव्हा तिने डोळे मिटूनच माझा हात धरला आणि म्हणाली, "आई, पडदा ओढ." मी पडदा ओढला. पुन्हा येऊन हात तिथे ठेवला. तिने परत धरला. तुमच्यासाठी होता तो हात, मला ठाऊक आहे. तो मी काही वेळ वापरला, एवढंच. हे लिहायला नको होतं की काय कोण जाणे.

ती झोपल्यावर मी तिच्याकडे बघत बसले. एवढं बघायला मला कधी मिळालं नव्हतं. रुग्णालयातून निघताना मला तिचा चेहरा आठवत नव्हता. तिथे आम्हाला वेळ जावा म्हणून पाकिटं चिकटवायला बसवायचे, तिथेच मी खळ करायला शिकले, त्यावरच पुढे पोट चाललं. पण चेहरा काही केल्या डोळ्यांसमोर येत नसे. आता येईल.

तिसऱ्या दिवशी ती ठणठणीत उठली, माझी खोली आवरून ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही एकट्या राहता पण तुमच्याकडे कप सहा आहेत." मी म्हटलं, मला कप आवडतात.

६ नोव्हेंबर

ताई,

तुम्ही रागवाल असं वाटलं होतं. तुम्ही लिहिलंत, "तिला मिठाशिवाय भात चालत नाही, लहानपणापासून." आणि पुढे लिहिलंत, बरं झालं तुम्ही होतात. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं.

इथे आता धावपळ चालू आहे. एका बगळ्यावरून भांडण जुंपलंय. सगळ्यात मोठं चित्र आहे ते, दालनात शिरल्यावर समोर तेच लागणार. चित्रकाराने बगळा पांढराशुभ्र रंगवला होता. पण त्या काळचा पांढरा रंग शिशापासून करायचे, आणि तो हवेने काळा पडत जातो. आता बगळा राखाडी, पंखांवर तर काजळी धरल्यासारखा. औषधाने ते पांढरं परत आणता येतं, फार जपून करावं लागतं. प्रमुख म्हणाले, हात लावू नका, काळानेही चित्रावर काम केलंय, तेही लोकांनी पाहावं. ते असं काही बोलले की चष्मा काढतात, म्हणजे आपण आता गप्प बसायचं.

तुमची लेक गप्प बसली नाही. म्हणाली, "सर, मुलं येतील, त्यांना वाटेल काळा बगळा असतो. चित्रकाराने काय पाहिलं होतं ते आपण झाकून ठेवायचं आणि त्याला इतिहास म्हणायचं का?" खोलीत सगळे तिच्याकडे बघायला लागले. प्रमुखांनी चष्मा परत लावला. मग म्हणाले, शेपटीच्या टोकाला करून बघा, तिथे जमलं तर पुढचं बोलू.

मला तेव्हा काय झालं सांगू? माझी छाती अभिमानाने फुगली आणि लगेच लक्षात आलं की हा अभिमान तुमचा आहे. तिला असं ताठ उभं राहायला तुम्ही शिकवलंत. मग तुमच्या वतीने जरा वेळ तो मीच बाळगला.

२५ नोव्हेंबर

ताई,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी जिन्यात होते. तिथेच पायरीवर बसून वाचलं. शेजारच्या बाईंना वाटलं मला चक्कर आली.

तुम्ही उद्घाटनाला येणार. आणि तिला सांगणार. मला बाजूला बसवून, दोघींनी मिळून. तुम्ही लिहिलंय, "बावीस वर्षं तिची आई मी एकटीच होते, आता तुमच्या पदरात थोडं टाकलं तर माझं कमी होणार नाही. त्यांनी नको म्हटलं होतं, पण ते गेले, आणि मी तरी किती दिवस हे पोटात ठेवू."

"या", एवढंच लिहिते. माझ्या खोलीवरच उतरा. पलंग तुम्ही दोघी घ्या. मी नवी चादर आणली आहे, निळी. पडदेही धुतले. आरशासमोर उभी राहून, ती पहिल्यांदा काय म्हणेल आणि मी काय म्हणीन, याची उजळणी करून झाली. मला हसू नका. मला कुणी आई म्हटलं नाही अजून, एकदा तापात म्हटलं ते सोडलं तर, आणि तेही माझं नव्हतं.

शेपटीचं टोक जमलं. पांढरं परत आलं, अगदी शुभ्र. प्रमुख हो म्हणालेत. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी पंखांना हात घालणार.

४ डिसेंबर

ताई,

तिला काही सांगू नका. पाया पडते.

तुम्ही या. प्रदर्शन बघा, तिला भेटा, मला भेटा. पण सांगू नका. का ते लिहिणं भाग आहे, आणि ते लिहिताना मी तिचा शब्द मोडते आहे. दुसरा मार्ग असता तर मोडला नसता.

परवा आम्ही पंखांचं काम करत होतो. बारीक ब्रशने औषध लावायचं, काळं पांढरं होताना डोळे लावून बघायचं आणि ठरल्या क्षणी टिपून घ्यायचं. जरा उशीर झाला तर खालची रेघ विरते. ब्रश माझ्याकडे होता, टीपकागद तिच्याकडे. काम चांगलं चाललं होतं. काका चहाला गेले होते, खोलीत आम्ही दोघीच. उद्घाटनाला आई येतेय, असं ती सांगत होती. आईला जिने चढायला त्रास होतो, मागच्या दाराने आणता येईल का, वगैरे. मग म्हणाली, "मॅडम, एक सांगू? इथे कुणाला माहीत नाही."

मी म्हटलं, सांग.

"आई माझी सख्खी आई नाही."

ताई, तिला माहीत आहे. तिच्या वडिलांनीच शेवटच्या आजारात सांगितलं, तुम्ही औषधं आणायला बाहेर गेला होतात तेव्हा. ती तेव्हा अठराची. पहिली बायको बाळंतपणानंतर आजारी पडली, तिला रुग्णालयात ठेवावं लागलं, नंतर संबंध राहिला नाही, एवढं ते बोलले. नाव सांगायला लागले तर हिनेच थांबवलं. तुम्हाला कळू द्यायचं नाही असं तिने तेव्हाच ठरवलं. "आईला वाटतं मला माहीत नाही. तिला तसंच वाटू दे. तिने त्यासाठी किती जपलंय ते मी बघते ना. शाळेच्या कागदांवर सही करतानासुद्धा तिचा चेहरा बदलायचा."

मी विचारायला नको होतं. पण विचारलं. ब्रश चालू ठेवूनच म्हटलं, "मग ती दुसरी? तिला भेटावंसं नाही वाटत तुला?"

तिने पेन्सिल कानामागे खोचली. ती उत्तर देण्याआधी नीट विचार करते, तुम्हाला माहीतच आहे.

"नाही वाटत," ती म्हणाली. "राग असता तर शोधलं असतं, चार शब्द सुनावले असते. पण रागही नाही. आजारी पडली, त्यात तिचा काय दोष? मला खरंच काही वाटत नाही, मॅडम. ती समोर आली तर काहीतरी वाटल्यासारखं करावं लागेल मला. ते मला जमायचं नाही. तिलाही ते दिसेल, आईलाही दिसेल. मग तिघींनी कशाला दुःखी व्हायचं?"

ती हे रागाने बोलली असती तर मी आशा धरून बसले असते. रागात माणूस आज एक म्हणतं, उद्या दुसरं. पण ती शांतपणे बोलली, दया येऊन बोलली. माझ्यावरच दया करत होती ती, मी कोण ते ठाऊक नसताना.

"मॅडम, ब्रश!" तिने माझा हात बाजूला केला आणि टिपलं. उशीर झाला होता. पंखाच्या टोकाची एक रेघ विरली. इतकी वर्षं मी हे काम करते, माझ्या हातून कधी असं झालं नव्हतं. मी बघत राहिले. तिला वाटलं मी रेघेसाठी रडतेय. "असू दे, असू दे," म्हणाली, आणि प्रमुख आले तेव्हा मी तोंड उघडायच्या आत त्यांना सांगून मोकळी झाली, "सर, माझ्या हातून झालं." मी सांगितलं, नाही, माझ्या. त्यांना वाटलं मी तिला पाठीशी घालतेय. तिला थोडं ऐकून घ्यावं लागलं. माझ्यामुळे.

ताई, आपण दोघी एकमेकींना समजून घेत बसलो, आणि ती आपल्या दोघींना समजून घेऊन केव्हाच पुढे गेली होती. तुम्ही सांगितलंत तर तिला दोन गोष्टी कराव्या लागतील: तुमच्यासमोर नवल वाटल्याचं दाखवायचं, आणि माझ्यासमोर माया. पहिलं ती करेलही. दुसरं तिला जमायचं नाही असं ती म्हणाली आहे, आणि ती खोटं बोलत नाही. मला तो प्रयत्न बघवणार नाही.

मी तुम्हाला हे कळवलंय ते तिला कधीच कळू देऊ नका. तुम्हाला ठाऊक नाही असंच तिला वाटू दे. तुम्हाला वाईट वाटेल, की बरं वाटेल? मला तर वाटतं बरं वाटावं. सगळं माहीत असूनही ती तुम्हालाच आई म्हणते.

१९ जानेवारी

ताई,

तुम्ही सुखरूप पोचलात, बरं झालं. वसतिगृहात तिच्याजवळ राहिलात तेच योग्य होतं.

तुम्ही विचारलंय, पाणी आणायला मला एवढा वेळ का लागला.

तुम्ही आत आलात तेव्हा मी बगळ्याच्या बाजूला उभी होते. जुन्या रंगांना उजेड सोसत नाही म्हणून दालनात दिवे मंद ठेवतात, येणारा प्रत्येक जण कुरकुर करतो. तुम्ही दारात थबकलात, डोळे बारीक केलेत. ती तुमचं बोट धरून आणत होती, लहान मुलाला आणतात तसं. हातात तुमची पिशवी, पिशवीतून तिचा स्वेटर बाहेर आलेला. मी तुम्हाला लगेच ओळखलं. तुमचा एकही फोटो पाहिलेला नाही, तरी.

ती म्हणाली, "मॅडम, ही माझी आई." आणि तुम्हाला म्हणाली, "आई, या आमच्या मॅडम. तापात मला यांनीच सांभाळलं." तुम्ही माझे दोन्ही हात धरलेत. तुमचे हात खूप गार होते. प्रमुखांनी तिला हाक मारली, ती गेली, आणि तुम्ही कानाशी येऊन विचारलंत, "सांगू का? अजून सांगते." मी मान हलवली. तेव्हा तुम्हाला रडू फुटलं. ती धावत आली. "काय झालं आई?" तर तुम्ही म्हणालात, "फार अंधार आहे गं इथे, डोळे दुखले." ताई, त्या वेळी मला तुमचा जितका आधार वाटला तितका जन्मात कुणाचा वाटला नाही.

मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, आईला जरा पाणी आणता?"

पाणी मागच्या खोलीत आहे, लांब नाही. मी पेला भरला. निघाले तर दारातून तुम्ही दोघी दिसत होतात. ती बाकावर तुमच्याजवळ बसली होती, तुमच्या चष्म्याच्या काचा स्वतःच्या रुमालाने पुसत होती, आणि तुम्ही तिच्या केसांतून हात फिरवत होतात. मला पुढे येववेना. तुमच्या दोघींत मला जागा नव्हती असं नाही. तुम्ही ती केली असती. पण मी आत आले असते तर तुम्ही हात काढून घेतला असता, माझ्याकडे बघून. तो मला काढू द्यायचा नव्हता. म्हणून थांबले. काका तिकडून आले, म्हणाले, पेला का धरून उभ्या आहात? मी म्हटलं, भरलाय, सांडेल म्हणून हळू जातेय.

२ मार्च

ताई,

हे पत्र ती निघायच्या आधी तुमच्या हाती पडावं म्हणून आजच टाकते. ती पुढच्या शनिवारच्या गाडीने येते आहे. तुम्हाला ती आयत्या वेळी सांगणार आहे. ऐकून नवल वाटल्यासारखं करा.

तिचं शिकाऊ काम संपलं. प्रमुखांनी तिला कायमची जागा देऊ केली होती, माझ्याच खोलीत. काकांनी तर तिच्यासाठी नवं टेबल करायला घेतलं. तिने दोन दिवस विचार केला आणि नको म्हणून सांगितलं. तुमच्या गावात ग्रंथालयात काम मिळेल असं म्हणते. प्रमुखांनी मला तिला समजवायला सांगितलं. मी तिला घेऊन मागच्या पायऱ्यांवर बसले. म्हटलं, इथलं काम मोठं आहे, तुझा हात चांगला आहे, नीट विचार कर. हे मी मनापासून म्हटलं की नाही, मला अजून कळत नाही. रोज ती समोर बसणार, मला मॅडम म्हणणार, आणि मी निवृत्त होईपर्यंत गप्प राहणार. ते सुख असतं की शिक्षा? कसंही असलं तरी मी घेतलं असतं.

ती म्हणाली, "मॅडम, जमलं असतं तर राहिले असते. पण तिकडे आई एकटी आहे. इथून गेल्यापासून ती फोनवर फार कमी बोलते. मी जवळ असायला हवं."

मी म्हटलं, "मग जा."

मग तिने विचारलं, "तुम्हाला कोण आहे, मॅडम?"

मी म्हटलं, "आहे. एक ताई आहे. लांब असते. पत्रं लिहिते."

"मग जात जा की त्यांच्याकडे अधूनमधून," ती म्हणाली. मी म्हटलं, बघू.

आता जे लिहायचं ते लिहिते. हे माझं शेवटचं पत्र. इतके दिवस पाकीट तिच्या हाती पडलं असतं तरी बिघडलं नसतं, मैत्रिणीचं म्हणून तुम्ही सांगितलं असतंत. पण प्रदर्शनातल्या सगळ्या चित्रांखालच्या पाट्या मी लिहिल्या आणि तिने त्या तपासल्या. माझं अक्षर ती आता झोपेतही ओळखेल. पत्ता दुसऱ्या कुणाकडून लिहून घेता येईल, तेही मनात येऊन गेलं. पण घरात कधी कागद सापडला तर? ती हुशार आहे, तिला जोडायला वेळ लागणार नाही, आणि मग तिला काहीतरी वाटल्यासारखं करावं लागेल. म्हणून मी लिहिणार नाही. तुम्हीही लिहू नका, फोटोही पाठवू नका. माझी जुनी पत्रं ती यायच्या आत जाळून टाका. तुमची माझ्याकडे राहतील, ती मी टाकणार नाही. एवढं मला असू द्या.

ती मोठी होईल, तिचं काय काय होईल, ते मला कळणार नाही. पूर्वीही कळत नव्हतं. तेव्हा मात्र ती शिंकते कशी, हसते कशी, हेही ठाऊक नव्हतं.

तिला खोकला आहे, लपवते. घसा तिचा मुळात नाजूक आहे, डॉक्टरांनी गार पाणी बंद सांगितलंय, ती ऐकत नाही. बोटांना औषधाने भेगा पडल्यात, रात्री तेल लावायला सांगा. ग्रंथालयात जुने कागद असतील तर तोंडाला रुमाल बांधायला लावा.

गाडी संध्याकाळी पोचते. बॅग जड आहे. स्टेशनवर घ्यायला जा. ती नको म्हणेल, जिने आहेत म्हणेल. तरी जा.